शीग न लावता

मित्रांनो, डब्यात बोटं घालून तुम्ही ज्याला शोधता, सापडत नाही म्हणून वैतागता आणि सापडल्यावर "हा बघ, तळाशी जाऊन बसलाय" असं म्हणता, तोच मी. मी एक जुना माप-चमचा आहे. चमचा म्हटलं की लोक गालातल्या गालात हसतात, कारण साहेबांच्या पुढे-पुढे करणाऱ्या माणसालाही तुम्ही चमचाच म्हणता. मी त्यातला नाही. मी आजवर कुणाची खोटी स्तुती केलेली नाही. जेवढं मावेल तेवढं घ्यायचं आणि घेतलेलं सगळं द्यायचं, एवढंच मला येतं.

माझा जन्म प्लास्टिकच्या दाण्यांतून झाला. दाणे वितळले, साच्यात दाबले गेले आणि एका दमात आम्ही चोवीस भावंडं बाहेर पडलो, देठांनी एकमेकांना जोडलेली. एका बाईंनी आम्हाला कटरने वेगळं केलं. शेजारच्या टेबलावरच्या बाई दर शंभरातला एक चमचा उचलून तपासत. त्या दिवशी त्यांनी मला उचललं, काठोकाठ पाणी भरलं, वर आलेला फुगवटा पट्टीने काढून टाकला, पाणी तोललं आणि म्हणाल्या, "बरोब्बर." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! नंतर मला पुन्हा कुणी बरोब्बर भरायला पुष्कळ दिवस जावे लागले.

तिथून मी पावडरीच्या कारखान्यात गेलो आणि पत्र्याच्या एका गोल डब्यात पडलो. वरून पांढरी पावडर आली आणि मी गळ्यापर्यंत गाडला गेलो. ती पावडर अमिनो आम्लांची होती. स्वभावाने कडू, पण कामाला चोख. डबा मात्र भलताच बढाईखोर. त्याच्या पोटावर एका पैलवानाचं चित्र होतं, दंड असे फुगवलेले की बिचाऱ्याला स्वतःचा कान खाजवता आला नसता. खाली मोठ्या अक्षरांत "ताकद! उत्साह! तारुण्य!" असं लिहिलेलं आणि त्याच्याही खाली, मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत, "एक सपाट माप पाण्यातून घ्यावे". मोठी अक्षरं सगळ्यांनी वाचली. बारीक अक्षरं न वाचणं आम्हाला पुढे चांगलंच महागात पडलं.

आता मी ज्या घरात आलो ते घर सांगतो. खाली रस्त्याला लागून धान्याचं दुकान, दुकानाच्या मागे एक खोली आणि वर राहायची जागा. वर जायला अरुंद लाकडी जिना. सतरा पायऱ्या, आणि नवव्या पायरीवर काटकोनात वळण. दुकान काकांचं. सगळी गल्लीच त्यांना काका म्हणायची, म्हणून मीही काकाच म्हणतो. चाळीस वर्षं त्यांनी पाठीवरून पोती वाहिली होती आणि त्याच जिन्याने दिवसातून दहा वेळा वर-खाली केलं होतं. मग त्यांना न्यूमोनिया झाला. पाच आठवडे ते इस्पितळात पडून होते. जीव वाचला, ताप गेला, खोकला गेला, पण त्याबरोबर पायांतलं बळही गेलं. घरी आणलं तेव्हा पायजम्यात पाय आहेत की नाहीत ते चाचपून पाहावं लागत होतं.

घरी आणलं म्हणजे खालच्या खोलीत आणलं. त्यांच्या मुलाने दोघा हमालांच्या मदतीने त्यांना खुर्चीत बसवून वर न्यायचा प्रयत्न केला होता. वळणावर खुर्ची अडकली. पुढे जाईना, मागे येईना. काका खुर्चीचे हात घट्ट धरून म्हणाले, "खाली उतरवा मला. मी काय पोतं आहे? जाईन तर माझ्या पायांनी जाईन." बोलायला बोलले, पण पाय कुठे होते?

आणि वर काकू होत्या. काकूंचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले, जिना उतरायला डॉक्टरांनी सक्त मनाई केलेली. वरच्या मजल्यावर त्या भिंतीला धरून सगळं करत, पण जिन्याच्या तोंडाशी आल्या की थांबत. म्हणजे बघा मित्रांनो, सेहेचाळीस वर्षं एका घरात राहिलेली दोन माणसं त्याच घरात एकमेकांना दिसत नव्हती. मधे सतरा पायऱ्या. सूनबाई मोबाईलवर एकमेकांचे चेहरे दाखवायच्या, पण काकूंना त्यात काकांचं नाकच तेवढं दिसायचं आणि काकांना काकूंच्या डोक्यावरचा पंखा. शेवटी दोघांनी मोबाईलचा नाद सोडला आणि जिन्यातून बोलायला सुरुवात केली.

"अहो, चहा घेतलात का?" काकू वरून ओरडायच्या.

"घेतला!"

"साखर किती?"

"काय? ऐकू येत नाही!"

"साखर विचारली की तुम्हाला कधीच ऐकू येत नाही!"

समोरच्या केशकर्तनालयाचा न्हावी कात्री चालवता चालवता उत्तर द्यायचा, "दोन चमचे घेतली काकू, मी पाहिलं!"

सगळी गल्ली त्यांचा संसार ऐकत होती. लोक हसायचे. पण बोलणं संपलं की काका बराच वेळ जिन्याकडे बघत बसायचे आणि तेव्हा मला हसू यायचं नाही.

आम्हाला घरात आणलं आहारतज्ज्ञ बाईंनी. दवाखान्यात जाता-येता त्या याच दुकानातून धान्य न्यायच्या, म्हणून रोज डोकावायच्या. काकांचं जेवण म्हणजे चार घास आणि आठ नकार. डॉक्टरांनी रक्त तपासलं, मूत्रपिंडं ठीक आहेत ना ते पाहिलं, आणि मग बाईंनी डबा काकांसमोर ठेवला.

"हे औषध का?" काकांनी विचारलं.

"नाही. हा पूरक आहार आहे. काका, तुमच्या दुकानातला सगळा माल तुमच्याच शेतात पिकतो का?"

"छे. काही पिकतो, बाकीचा बाहेरून भरावा लागतो."

"अंगाचंही तसंच आहे. स्नायू ज्या मालापासून बनतात त्याला अमिनो आम्लं म्हणतात. त्यातली बरीचशी आपलं शरीर घरच्या घरी तयार करतं. पण नऊ अशी आहेत की ती बाहेरूनच आणावी लागतात. अंडी, दूध, डाळी, मासे, ह्यांतून ती येतात. तुम्ही जेवतच नाही, तर येणार कुठून? शिवाय अंथरुणात पडून राहिलं की स्नायू भराभर वितळतात, आणि ह्या वयात ते पुन्हा भरायला जास्त माल लागतो. जेवण वाढेपर्यंत हा डबा हातभार लावेल."

काकांनी पैलवानाकडे पाहिलं. "मी असा होणार?"

"नाही," बाई हसल्या. "असं कुणीच होत नाही, पावडर खाऊन तर नाहीच. ही नुसती घेऊन पडून राहिलात तर फुकट जाईल. व्यायाम करावा लागेल. जेवण वाढवावं लागेल. तिन्ही मिळून गाडी चालेल."

मला बाई त्याच क्षणी आवडल्या. डब्याला आवडल्या नाहीत. जाताना त्या सूनबाईंना म्हणाल्या, "रोज दोन माप. सकाळी एक, संध्याकाळी एक." सूनबाईंनी दुकानातला मार्कर घेऊन पैलवानाच्या छातीवर ठळक लिहिलं, "रोज दोन माप".

व्यायाम शिकवायला एक ताई यायला लागल्या. त्यांचं खरं नाव कुणी विचारलंच नाही, काकांनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव ऊठबस ताई ठेवलं. त्यांनी काकांना खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं, "हात छातीवर बांधा. हात न टेकता उभे राहा. पुन्हा बसा. असं ओळीने पाच वेळा जमलं की आपण जिन्याला हात घालू."

काकांनी हात बांधले, दात आवळले, जोर लावला. जागचे हलले नाहीत. कपाळावर घाम आला.

"ह्या वयात उठाबशा!" ते चिडून म्हणाले. "शाळेतसुद्धा मला कुणी उठाबशा काढायला लावल्या नाहीत!"

वरून आवाज आला, "खोटं! चौथीत आठवडाभर काढल्या होत्यात. तुम्हीच सांगितलं होतंत!"

ऊठबस ताई तोंडावर हात ठेवून हसल्या. काकाही हसले. त्या दिवशी मला वाटलं, हा माणूस उठणार.

पण झालं भलतंच. ते सांगायचं तर आधी काकांचा धंदा सांगायला हवा. आज दुकानात काटा आहे, आकडे चमकणारा. पण काकांची उमेदीची सगळी वर्षं मापाने धान्य देण्यात गेली. आणि मापाबद्दल त्यांचा एक नियम होता. माप भरायचं, तीनदा ठोकायचं म्हणजे दाणे खाली बसतात, मग वर शीग लावायची. शीग म्हणजे मापाच्या काठावर उभा राहतो तो ढीग. आणि शिगेवर पुन्हा एक चिमूट. त्या चिमटीला ते "लेकराची चिमूट" म्हणत. गिऱ्हाइकाच्या घरात लेकरू असो वा नसो, चिमूट पडायचीच. सपाट माप देणाऱ्या दुकानदाराला ते दुकानदारच समजत नसत. "मापात पाप करायचं नाही," असं म्हणत त्यांनी चाळीस वर्षं शीग लावली आणि त्याबद्दल गल्लीत त्यांचं नाव होतं.

आता तुमच्या ध्यानात आलं असेल. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी काका मला डब्यातून काढायचे. मला गच्च भरायचे. डब्याच्या पत्र्यावर टक, टक, टक असं तीनदा ठोकायचे. मग माझ्या डोक्यावर शीग लावायचे. आणि मग दोन बोटांनी लेकराची चिमूट. संध्याकाळी पुन्हा तेच. मी आतून ओरडत होतो, काका, मी काठापर्यंतच आहे, त्याच्या वरचं माझं नाही! पण चमच्याचं कोण ऐकतो? मला तर दुप्पट ओझ्याने उभं राहवेना. शिवाय पाणी अर्धाच पेला, कारण कडू गोष्ट लवकर संपवावी असं त्यांचं मत होतं.

चार दिवसांत काकांचं पोट बिघडलं. मळमळायला लागलं. चार घासांचे दोन झाले. ऊठबस ताई आल्या की काका भिंतीकडे तोंड करून झोपायचे. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी वजन केलं तर ते आणखी उतरलेलं. मुलगा ट्रक घेऊन आठवडा-आठवडा बाहेर असायचा, तो आला आणि बापाचा चेहरा पाहून हादरला. डब्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हे विष आहे. बंद करा." आणि डबा कपाटावर गेला. मी त्या वेळी डब्याबाहेर होतो, म्हणून माझी रवानगी खणात झाली. तिथे मेलेल्या बॅटऱ्या, किल्ली हरवलेली दोन कुलुपं आणि एक मोडका चष्मा अशी मंडळी होती. सगळ्यांनी माझं सांत्वन केलं. ते मला नको होतं. आपल्यामुळे एका माणसाचं नुकसान झालं, ह्या विचाराने मला खाऊन टाकलं होतं. नऊ दिवस मी त्या खणात होतो, आणि ते नऊ दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत वाईट दिवस.

बाहेर जिन्यातलं बोलणंही कमी झालं होतं. काका "हो", "नाही" एवढंच ओरडायचे. दहाव्या दिवशी सकाळी काकूंचा आवाज आला, आणि त्यात काळजी होती.

"सूनबाई, हे हल्ली दुकानात बसत नाहीत का गं?"

"आई, बाबा दुकानात कुठे बसतात? खाटेवरून उठत नाहीत ते."

"मग इतके दिवस बसत होते ना? रोज सकाळी मापाचा आवाज यायचा मला. टक, टक, टक. मी म्हटलं, चला, माणूस कामाला लागला. आता आठ-दहा दिवस झाले, आवाजच नाही."

"आई, दुकानात काटा आहे. माप तर पाच वर्षांपूर्वीच माळ्यावर टाकलं. कुणाचा आवाज येणार?"

  काकूंनी असा काही आवाज लावला की खणातल्या बॅटऱ्या हलल्या.

"अहो! त्या पावडरीला शीग लावत होतात काय?"

 खालून काकांचा बारीक आवाज, "म्हणजे काय! माप म्हटल्यावर शीग लावायची नाही?"

"आणि चिमूट?"

"चिमूटही टाकली," काका म्हणाले.

सूनबाईंनी कपाळावर हात मारला. समोरचा न्हावी एवढा हसला की त्याच्या गिऱ्हाइकाने कानावर हात ठेवला. आणि मित्रांनो, मी खणात पडल्या पडल्या सुटकेचा श्वास टाकला. त्या घरात मला ओळखणारं एक माणूस होतं, तेही मला एकदाही न पाहिलेलं.

आहारतज्ज्ञ बाई धावत आल्या. काकांना पुन्हा तपासायला पाठवलं. सुदैवाने सगळं ठीक होतं. मग त्यांनी मला खणातून काढून धुतलं, पुसलं आणि काकांच्या हातात दिलं. "भरून दाखवा."

काकांनी भरलं, ठोकलं, शीग लावली. बाईंनी ते सगळं एका ताटलीत ओतलं. मग मला पुन्हा भरलं, ठोकलं नाही, सुरीची पाठ माझ्या काठावरून फिरवली आणि ते दुसऱ्या ताटलीत ओतलं. दोन ढीग शेजारी शेजारी ठेवले. एक दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट.

काका ढिगांकडे बघत राहिले. "सपाट माप," ते हळू म्हणाले, "मी जन्मात फक्त वजनमापं तपासणाऱ्या साहेबापुढे भरलंय."

"मग मला तो साहेब समजा. चूक माझीही आहे, काका. मी नुसतं माप म्हटलं, सपाट म्हटलं नाही. पण एक सांगा, पन्नास किलोच्या पोत्यात ऐंशी किलो माल भरला तर काय होतं?"

"शिवण उसवते."

"तुमची उसवली."

 काकांनी सुरी मागून घेतली आणि स्वतःच्या हाताने माझ्या काठावरून फिरवली.  शीग खाली पडताना त्यांचा चेहरा असा झाला होता जणू गिऱ्हाइकाला फसवताहेत. पण फिरवली. मी जसा जन्मलो होतो तेवढाच भरलो, आणि मला फार बरं वाटलं.

सुरुवातीला आठवडाभर अर्धंच माप, मोठ्या पेल्यात, जेवणानंतर. मग पूर्ण सपाट माप. पोट सावरलं. भूक परत आली. सकाळी अंडं, दुपारी डाळ, रात्री दूध. न्हाव्याने एकदा मला उचलून विचारलं, "ह्याने टकलावर केस येतील का हो?" आहारतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "नाही. आणि ज्याचा डबा त्यालाच." मला त्यांचा पुन्हा एकदा अभिमान वाटला.

पण पावडर काही काकांना खुर्चीतून उठवणार नव्हती, उठायचं काकांनाच होतं. ऊठबस ताई आठवड्यातून तीनदा यायच्या, बाकीच्या दिवशी काकू वरून मोजायच्या. "एक म्हणू का?" त्या विचारायच्या. "थांब!" काका ओरडायचे. "आता म्हणू?" "थांब म्हटलं ना!" आधी खुर्चीवर दोन उशा ठेवल्या, मग एक, मग एकही नाही. आधी दोन हात टेकून, मग एक हात, मग नुसतं बोट. आणि एका सकाळी काकांनी छातीवर हात बांधले, पुढे वाकले आणि उभे राहिले. स्वतःच चकित झाले. उभ्याउभ्या इकडेतिकडे बघायला लागले, हे कुणी केलं म्हणून.

"अहो? काय झालं? बोला ना!" वरून काकू.

"एक म्हण," काका म्हणाले.

पाच व्हायला आणखी तीन आठवडे लागले. एक दिवस चार व्हायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन. काका रुसायचे, माझ्याकडे रागाने बघायचे, जणू माझंच काम अर्धवट आहे. मी शांत राहायचो. सकाळी एक, संध्याकाळी एक, सपाट.

मग जिना. पहिल्या दिवशी दोन पायऱ्या. मग चार. मग सहा. एक हात कठड्यावर, मागे ऊठबस ताई. एके दिवशी दुपारी ते नवव्या पायरीवर पोचले, वळणावर. तिथून वरचं दार दिसतं. दारात काकू उभ्या होत्या, चौकटीला धरून.

जवळजवळ चार महिन्यांनी दोघांनी एकमेकांना पाहिलं. मी सूनबाईंच्या हातातल्या डब्यात होतो आणि झाकण उघडं होतं, म्हणून मलाही दिसलं.

"किती वाळलात हो," काकू म्हणाल्या.

"तू पण," काका म्हणाले.

पुढे आठ पायऱ्या होत्या. काकांनी दहाव्या पायरीवर पाय ठेवला, पण दुसरा पाय काही वर येईना. ताईंनी खांद्यावर हात ठेवला. "आज इथपर्यंतच." काका ऐकेनात. "आठच तर आहेत," म्हणाले. मग त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी मान हलवली, जा म्हणून. काका वळले आणि एकेक पायरी उतरले. खाली येऊन खाटेवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. सूनबाईंनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, म्हणजे गिऱ्हाइकांना दिसू नये.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला कुणाचं दुःख कमी करता येत नाही. मला वाटलं, आता हे संध्याकाळचं माप घेणार नाहीत. पण सहा वाजता त्यांनी डोळे पुसले, मला काढलं, भरलं आणि सुरी फिरवली. नेहमीपेक्षा सावकाश, अगदी काठाला लावून. मग कडू पेला एका दमात संपवून म्हणाले, "सूनबाई, खुर्ची आण."

त्यानंतर अकरा दिवसांनी, सकाळी दहाच्या सुमारास, काकांनी धुतलेला शर्ट घातला. मला डब्यातून काढून पुसलं आणि वरच्या खिशात ठेवलं. "आजचं संध्याकाळचं माप वर घेणार," असं सूनबाईंना सांगितलं. ऊठबस ताई मागे होत्या, मुलगा त्यांच्याही मागे होता, पण कुणी हात लावायचा नाही असा काकांचा हुकूम होता.

खिशातून मला फारसं दिसत नव्हतं. फक्त कठडा आणि भिंतीवरचा ओरखडा, जिथे कधीतरी खुर्ची अडकली होती. पण मला ऐकू येत होतं. काकांचं हृदय माझ्या पाठीवर धाडधाड आपटत होतं. वळणावर ते थांबले, शंभर मोजेपर्यंत दम घेतला. दहावी. अकरावी.  वर एवढ्या बोलक्या काकूंनी तोंडावर पदर धरला असणार. बाराव्या पायरीवर काकांनी कठडा दोन्ही हातांनी धरला. तेरा. चौदा. पंधरावीवर काका अडखळले आणि मुलाने हात पुढे केला. काकांनी मानेनेच नाही म्हटलं. सोळा.

सतरावी पायरी चढून काका दारात उभे राहिले आणि सवयीने छाती फुगवून ओरडले, "आलो गं!"

समोरच्या दुकानात न्हाव्याची कात्री थांबली असणार. काकू दीड हातावर उभ्या होत्या.

"अहो, ओरडताय कशाला?" त्या म्हणाल्या. "मी इथेच आहे."

काकांनी पुन्हा तोंड उघडलं, पण मोठा आवाज निघेना. "आलो," ते हळूच म्हणाले. काकूंनी त्यांच्या दंडाला धरलं. कुणी कुणाला धरलं होतं ते मला खिशातून कळलं नाही, पण दोघंही नीट उभी होती.

ह्या गोष्टीला आता पुष्कळ दिवस झाले. काका आता रोज दुकानात येतात आणि दुपारी जेवायला वर जातात. तीन डबे संपल्यावर आहारतज्ज्ञ बाईंनी पावडर बंद केली. "आता ताटातूनच पुरेसं मिळतंय," म्हणाल्या. डबे भंगारात गेले, पैलवानासकट. मी वर काकूंच्या फडताळात राहिलो. माझा काठ सुरीने घासून घासून जरा झिजला आहे, दांड्यावरचा आकडा पुसट झाला आहे आणि मला दुसरं काही काम नाही. माझी गरज संपली ह्याचं मला जराही वाईट वाटत नाही. मी ज्यासाठी ह्या घरात आलो होतो ते होऊन गेलं.

तुमच्याकडे माझी एकच विनवणी आहे. तुमच्या घरात कुणी आजारातून उठत असेल आणि माझ्यासारखा एखादा चमचा तुमच्या हातात आला, तर आधी डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाचं माप स्वतःच्या पेल्यात ओतू नका, आणि शीग तर मुळीच लावू नका. तुम्हाला त्या माणसाची फार माया वाटेल, जास्त द्यावंसं वाटेल, हे मला ठाऊक आहे. ती माया चमच्यात घालू नका, मित्रांनो. त्यांच्या खुर्चीजवळ जाऊन उभे राहा, आणि ते उठायला लागले की मोठ्याने एक म्हणा.